‘हिला शुगर आहे’

महोदय,

नात्यातल्या एका लग्नात पंगतीला बसलो होतो. जिलेबीची परात माझ्या बारा वर्षांच्या मुलीपुढं आली आणि वाढणाऱ्या काकू मोठ्यानं म्हणाल्या, “हिला नको, हिला शुगर आहे.” सगळी पंगत वळून बघू लागली. लेकीनं मान खाली घातली, ती ताक-भात होईपर्यंत वर केली नाही.

तिला टाइप १ मधुमेह आहे. यात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. हा आजार गोड खाऊन होत नाही. तरी “लहानपणी चॉकलेटं फार दिलीत का?” हे मला अजून ऐकावं लागतं. रोज चार इंजेक्शनं ती स्वतः घेते, ताटात काय आहे ते पाहून डोस ठरवते. एका जिलेबीचा हिशेब तिला आपल्यापेक्षा चांगला जमतो.

दवाखान्यातही भाषा जपायला हवी. “साखर वाढलीय, पथ्य मोडलंस ना?” अशी उलटतपासणी झाली की मुलं वहीत साखरेचे खोटे आकडे लिहू लागतात. आमच्याकडं हे घडलंय. ताप आला, परीक्षेचा ताण आला तरी साखर वाढते. “या आठवड्यात काय अवघड गेलं?” असं विचारलं तर मूल खरं सांगतं.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. म्हणजे जवळपास प्रत्येक पंगतीत कुणीतरी असणारच. काकूंनी तिलाच हळू विचारायचं होतं, “वाढू का गं?”

– एक आई, सातारा