बाबांच्या वहीतलं टिंब

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "असू दे, असू दे" म्हणत चहा मागवता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या तुमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी पहिल्यांदा आले, तेव्हा पिशवीत बाबांची वही होती आणि एक न चालणारी सीडी. बाबा गणित शिकवायचे. शाळांत कॉम्प्युटर शिकवण्याच्या केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून १९८४ पासून शाळांमध्ये बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश कॉम्प्युटर येऊ लागले, त्यातला एक पुढे बाबांच्या शाळेतही आला. ३२ केबी मेमरी, बस्स. तेवढ्यात बाबा बेसिक या भाषेत प्रोग्रॅम लिहायचे. साइन-कोसाइनमधून रांगोळी काढणारा त्यांचा सगळ्यात लाडका. २०१९ च्या महापुरात गावभागातल्या घरात पाणी शिरलं आणि सगळ्या फ्लॉप्या गेल्या. गाळातून हाती लागली ती ही वही.

माझ्या शाळेतल्या लॅबमध्ये आठ जुने पीसी पडून आहेत. हार्ड डिस्क मेलेल्या, बायोसला, म्हणजे मशीन जागं करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला, पेन ड्राइव्हवरून बूट (सुरू) करता येत नाही, पण सीडी ड्राइव्ह ठणठणीत. सीडी टाकली की थेट बीबीसी मायक्रोचाच पडदा यावा आणि मुलांनी बाबांची रांगोळी बघावी, एवढंच डोक्यात होतं. आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या सीडीची एका फाइलमधली प्रत, केली, सीडीवर टाकली, मशीन ढिम्म. तुम्ही सीडी उघडून पाहिलीत आणि म्हणालात, "ताई, तुम्ही पेटीत पेटी ठेवलीय." मी आयएसओ साध्या फाइलसारखी कॉपी केली होती, इमेज म्हणून राइट केलीच नव्हती.

मग तुम्ही तुमची कामं बाजूला सारून मला शेजारी बसवलंत. १९९५ च्या 'एल टोरिटो' मानकामुळे बायोसला सीडीवर बूटची नोंद कुठे शोधायची ते कळतं, पूर्वी सीडी फ्लॉपीचं सोंग घेऊनही बूट व्हायची, आपल्याला ते सोंग नको, म्हणून सीडी बनवायच्या आज्ञेत 'नो इम्युल बूट' लिहायचं, हे तुम्ही पाठकोऱ्या बिलावर चौकोन काढून समजावलंत. तो कागद मी जपून ठेवलाय. विंडोजच्या जागी छोटं लिनक्स, त्यावर बीबीसी मायक्रोची नक्कल करणारा 'बी-एम' इम्युलेटर, डेस्कटॉप अजिबात नाही. आणि जुन्या ड्राइव्हला वाचायला सोपं जावं म्हणून सीडी सावकाश राइट करायची.

खरं सांगू, एवढ्यावर मी खूश होऊन निघालेच होते. तुम्हीच विचारलंत, "लाइट गेली तर पोरांनी लिहिलेलं कुठं जाणार?" मी गप्प. सीडीवर काही लिहिता येत नाही, सगळं रॅममध्ये चालतं, बंद झालं की पाटी कोरी. बायोसला पेन ड्राइव्ह दिसत नसला तरी लिनक्स एकदा सुरू झालं की त्याला दिसतो, हे तुमच्या ध्यानात होतं. तुम्ही सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये चार ओळी घातल्यात: पेन ड्राइव्हवर मुलाची डिस्क (जुन्या फ्लॉपीचं सोंग घेणारी फाइल) असली तर ती उघड, नसली तर सीडीवरून कोरी प्रत तिथे ठेव. एक डिस्क २०० केबीची. अख्ख्या वर्गाचं काम एका पेन ड्राइव्हवर मावतं. मी मागितलेलं नव्हतं हे. माझ्या मुलांचा विचार माझ्याआधी तुम्ही केलात, काका.

आणि ती रांगोळी. वहीतला प्रोग्रॅम मी अक्षरन् अक्षर टाइप केला, तर पडद्यावर तुटक्या रेघा आणि भलतीच अक्षरं. तीन संध्याकाळी मी साइनची सूत्रं तपासत बसले. तुम्ही वही उजेडाखाली तिरकी धरलीत आणि एका ओळीवर बोट ठेवलंत: 'व्हीडीयू २९,६४०,५१२;'. व्हीडीयू म्हणजे पडद्याला थेट हुकूम. पडदा १२८० बाय १०२४ चा, म्हणजे ही ओळ आरंभबिंदू मधोमध नेते. पण ६४० नंतर स्वल्पविराम नाही, अर्धविराम हवा. अर्धविरामाने आकडा दोन बाइटमध्ये जातो, स्वल्पविरामाने एकाच. व्हीडीयू २९ ला लागतात चार, मिळाले तीन, मग चौथा त्याने पुढच्या 'मूव्ह' या आज्ञेमधून ओढला आणि तिथून सगळं घसरलं. बाबांनी लिहिलेलं बरोबरच होतं. वरचं टिंब पुराच्या पाण्याने पुसलं होतं.

गेल्या शनिवारी बाबांना लॅबमध्ये घेऊन गेले. सीडी फिरली, दोन सुरांची ती बीप वाजली, 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के' आलं, आणि बाबांचा हात आपोआप ब्रेकची कळ शोधू लागला. ती आता एफ १२ वर आहे असं सातवीतल्या एका मुलीने त्यांना दाखवलं. शिफ्ट धरून त्यांनी ती दाबली, की डिस्कवरचा प्रोग्रॅम आपोआप सुरू होतो. रांगोळी मधोमध उमटली, एकेक पाकळी. मुलं ओरडली. बाबा काही बोलले नाहीत. मग त्यांनी माझ्याकडून वही मागून घेतली, खिशातलं बॉलपेन काढलं, आणि त्या स्वल्पविरामावर टिंब दिलं.

तुमची,
गावभागातल्या सरांची मुलगी