आकाशातल्या घटनेची नुसती तारीख पुरत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नवे वर्ष सुरू झाले की वर्तमानपत्रांत ‘यंदाच्या खगोलीय घटना’ अशी चौकट येते. ग्रहणे, उल्कावर्षाव, प्रतियुती (ग्रह आकाशात सूर्याच्या बरोबर समोर येणे), सुपरमून (पृथ्वीच्या जवळ असलेला पूर्णचंद्र) असे सगळे त्यात असते आणि तारखाही बहुधा बरोबर असतात. तरी ते कात्रण जपून ठेवणाऱ्या वाचकाला वर्षातून दोन-तीनदा हात हलवत परत यावे लागते. घटना कोणत्या वेळी, कोणत्या दिशेला, क्षितिजापासून किती उंचीवर दिसेल आणि त्या रात्री चंद्र कुठे असेल, हे चार तपशील तारखेशेजारी नसतात. ते यापुढे छापावेत, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र.

मिथुन उल्कावर्षावाचेच पाहा. दरवर्षी १४ डिसेंबरच्या आसपास तो भरात असतो. २०२६ मध्ये त्या रात्री पंचमी-षष्ठीचा चंद्र आहे. दहा-साडेदहाच्या सुमारास तो मावळला की पुढची सारी रात्र काळोखी मिळते. २०२७ मध्ये १३ डिसेंबरलाच पौर्णिमा आहे. रात्रभर चंद्र आकाशात राहणार आणि फिकट उल्का त्याच्या उजेडात बुडून जाणार. दोन्ही वर्षांच्या यादीत ओळ मात्र एकच छापली जाईल: ‘१४ डिसेंबर, मिथुन उल्कावर्षाव’. ही ओळ वाचून २०२७ मध्ये कोणी मुलाबाळांना घेऊन गावाबाहेर गेले, तर त्यांच्या मनातून उल्कावर्षाव कायमचा उतरेल.

यावरचा उपाय तुमच्याच पानावर आहे. तिथी तुम्ही रोज छापता. शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, वद्य अष्टमीचा त्याच सुमारास उगवतो आणि एका दिवसाला साधारण ५० मिनिटांचा फरक पडतो. उल्कावर्षावाच्या तारखेपुढे कंसात तिथी लिहिली, तरी अंधार किती वेळ मिळेल हे जाणता वाचक स्वतः काढू शकेल. ययाती (पर्सिअस) तारकासमूहातला उल्कावर्षाव २०२६ मध्ये १२-१३ ऑगस्टच्या रात्री भरात असेल, आणि त्या दिवशी अमावास्या आहे. (त्याच १२ ऑगस्टला ग्रीनलंड, आइसलंड आणि स्पेनमधून खग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे, म्हणजे अमावास्येबद्दल शंकाच नको.) हा वर्षाव त्या वर्षीच्या यादीत ठळक अक्षरांत हवा.

दुसरी अडचण आकड्याची. ‘ताशी १०० उल्का’ हा आकडा खोटा नाही, पण तो कोणत्या आकाशासाठी काढलेला असतो ते कोणी सांगत नाही. उल्का ज्या बिंदूतून फुटल्यासारख्या भासतात तो उगमबिंदू अगदी डोक्यावर आहे आणि साडेसहाव्या प्रतीपर्यंतचे तारे नुसत्या डोळ्यांना दिसत आहेत (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचा आकडा; तो जितका मोठा, तितका तारा फिकट), असे गृहीत धरून तो काढतात. उगमबिंदू क्षितिजापासून ३० अंशांवरच असेल, तर संख्या निम्मी होते. आकाश उजळ असेल, तर ताऱ्यांची दर एक प्रत हरवली की ययाती वर्षावाच्या उल्का निम्म्याहून कमी होतात. भागाकार साधारण २.२ ने. शहराच्या कडेला साडेचारव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसत असतील, तर दोन प्रती गेल्या. शंभराचे आधी पन्नास, मग त्याला दोनदा २.२ ने भागले की उरतात दहा. ताशी दहा म्हणजे सहा मिनिटांना एक. पाव तास उभे राहून दोन उल्का दिसलेल्या माणसाची फसवणूक झालेली नाही, त्याला त्याच्या आकाशापुरते सगळे मिळाले आहे. पण शंभराचा आकडा वाचून आलेला तो माणूस पाव तासातच निघून जातो. म्हणून आकडा छापताना शहरासाठी एक आणि काळोख्या जागेसाठी एक, असे दोन छापावेत.

सोबत पाहण्याची रीतही दोन ओळींत यावी. मध्यरात्रीनंतर आपण पृथ्वीच्या पुढे धावणाऱ्या बाजूला येतो, त्यामुळे उल्का वाढतात. मिथुन वर्षावाचा उगमबिंदू पुनर्वसूतल्या कॅस्टरजवळ आहे आणि तो रात्री दोनच्या सुमारास सर्वांत उंच असतो. डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात. एकदा मोबाइलचा पडदा पाहिला की ती मोजणी पुन्हा पहिल्यापासून. उगमबिंदूकडे टक लावू नये. तिथल्या उल्का जवळजवळ आपल्याच दिशेने येत असतात, म्हणून त्यांच्या रेघा आखूड दिसतात. लांब रेघा त्यापासून ४०-५० अंशांवर मिळतात. दुर्बीण, बायनॉक्युलर काही नको. चटई टाकून उताणे पडावे आणि आकाशाचा मोठा तुकडा नजरेत ठेवावा. दिसलेली रेघ मनातल्या मनात मागे वाढवून पाहावी. ती उगमबिंदूला मिळाली नाही, तर ती उल्का त्या वर्षावाची नाही. जानेवारीच्या ३-४ तारखेचा भूतप तारकासमूहातला वर्षाव याहून अवघड, कारण त्याचा भर जेमतेम काही तास टिकतो. ते तास ज्या देशात दिवसाचे असतील, तिथे तो त्या वर्षी यादीतून गाळलेला बरा.

आता जी घटना यादीत सहसा येतच नाही तिच्याबद्दल थोडे सविस्तर, कारण तिच्यासारखे थरारक दृश्य नुसत्या डोळ्यांना किंवा साध्या बायनॉक्युलरला क्वचितच मिळते. ती म्हणजे पिधान. चंद्र आपल्या वाटेवर ताऱ्याला झाकतो. ठळक ताऱ्यांपैकी रोहिणी, मघा, चित्रा आणि ज्येष्ठा असे चारच त्याच्या वाटेत येतात, शिवाय कृत्तिकांचा पुंजका. चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली आहे आणि तो कल १८.६ वर्षांत एक फेरी घेतो, त्यामुळे एकेका ताऱ्याचे पिधान काही वर्षे दर महिन्याला होते आणि मग बरीच वर्षे होतच नाही. ज्येष्ठाची सध्याची मालिका २०२३ ते २०२८ अशी आहे, कृत्तिकांची २०२३ ते २०२९.

शुद्ध पक्षात चंद्राची पुढची कडा अंधारी असते. तारा त्या न दिसणाऱ्या कडेजवळ येतो, त्याच्यापुढे फक्त काळे आकाश असल्यासारखे वाटते, आणि एका क्षणी तो नाहीसा होतो. मंद होत नाही, लुकलुकत नाही. दिवा विझावा तसा जातो. चंद्राला वातावरण नाही आणि तारा इतका दूर आहे की तो टिंबाएवढाच दिसतो, म्हणून हे असे घडते. वद्य पक्षात उलट: तारा उजळ कडेमागे जातो आणि अंधाऱ्या कडेतून एकदम उमटतो. त्यामुळे शुद्ध पक्षात लोपाची वेळ छापणे महत्त्वाचे आणि वद्य पक्षात पुन्हा दिसण्याची, तीही कडेच्या नेमक्या कोणत्या बाजूला ते सांगून, कारण भलत्याच कडेकडे पाहणाऱ्याचा तो क्षण चुकतो. उजळ कडेपाशी ताऱ्याची शेवटची मिनिटे चंद्राच्या झगमगाटात हरवतात. तिथे लहान दुर्बिणीशिवाय काही हाती लागत नाही.

पिधानाची वेळ एका गावची दुसऱ्या गावी चालत नाही. चंद्र आपल्याला इतका जवळ आहे की पृथ्वीच्या दोन टोकांवरून पाहिले तर ताऱ्यांमधली त्याची जागा जवळजवळ दोन अंशांनी, म्हणजे त्याच्याच चार रुंदींनी बदलते. काहीशे किलोमीटरवर लोपाची वेळ बरीच मिनिटे मागेपुढे होते, आणि एखाद्या ठिकाणाहून तारा झाकलाच जात नाही, चंद्राच्या कडेला घासून निघून जातो. नेमक्या त्या सीमारेषेवर उभे राहिले, तर चंद्रावरच्या डोंगरांच्या आड तारा दोन-तीनदा विझतो आणि पेटतो. म्हणून तुमच्या प्रत्येक आवृत्तीत त्या आवृत्तीच्या गावची वेळ हवी, आणि वाचकाने १५ मिनिटे आधीपासून पाहायला लागावे ही सूचना. बायनॉक्युलर हातात थरथरते. तिपाई नसेल तर कठड्यावर टेकवावे.

ग्रहणांच्या बाबतीत यादीने एक भेद कधीही गाळू नये: चंद्रग्रहण प्रच्छायेचे (पृथ्वीच्या गडद सावलीचे) की फक्त उपच्छायेचे (तिच्याभोवतीच्या फिकट सावलीचे). २०२७ मधली तिन्ही चंद्रग्रहणे छायाकल्प, म्हणजे फक्त उपच्छायेची आहेत: जागतिक वेळेनुसार (ग्रिनिचच्या घड्याळाने) २० फेब्रुवारी, १८ जुलै आणि १७ ऑगस्ट. १८ जुलैचे तर उपच्छायेला जेमतेम शिवणारे आहे, डोळ्यांना काहीही कळणार नाही. फेब्रुवारीच्या ग्रहणात भर असताना चंद्राची एक बाजू धुरकट भासेल, तीही लक्ष देऊन पाहणाऱ्याला. ‘यंदा तीन चंद्रग्रहणे’ असा मथळा गणिताने बरोबर ठरेल, पण छतावर गेलेला वाचक नेहमीचाच चंद्र पाहून खाली येईल.

सूर्यग्रहणात ‘९९ टक्के’ हा शब्द घात करतो. पूर्ण सूर्य पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे चार लाख पट तेजस्वी आहे. त्याचा एक टक्का उरला तरी तो चार हजार पौर्णिमांएवढा असतो. सूर्याभोवतीचे फिकट प्रभामंडल दिसत नाही आणि डोळ्यांचा धोकाही टळत नाही. २ ऑगस्ट २०२७ ला ईजिप्तमध्ये लक्सरच्या जवळ खग्रास स्थिती ६ मिनिटे २३ सेकंद टिकणार आहे. खग्रास पट्ट्याच्या बाहेर राहिलेल्याला त्यातला एक सेकंदही मिळत नाही.

ग्रहण पाहायच्या चष्म्यावर आयएसओ १२३१२-२ हे मानक असावे. त्यात जास्तीत जास्त ०.००३२ टक्के उजेड आत येऊ देतात. काजळी धरलेली काच, एक्स-रे फिल्म, सीडी यांतून दिसणारा उजेड कमी होतो, पण न दिसणारे अवरक्त किरण पार होतात. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही, त्यामुळे भाजल्याचे तेव्हा समजत नाही. चष्म्याची घरच्या घरी परीक्षा अशी: तो लावून खोलीत काहीच दिसता कामा नये, अगदी प्रखर दिवा असेल तर फिकट टिंब. ओरखडा किंवा टाचणीएवढे भोक असेल तर फेकून द्यावा. दुर्बिणीचे सूर्यप्रकाश अडवणारे गाळणे (फिल्टर) नेहमी पुढच्या तोंडावर बसवावे. डोळ्याकडच्या भिंगाला लावायची छोटी काच केंद्रित उष्णतेने तडकते, आणि ती तडकते तेव्हा डोळा तिथेच असतो. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी पुठ्ठ्याला दोन मिलिमीटरचे भोक पाडून पलीकडे पांढरा कागद धरावा. भोकापासून कागद जितका दूर, त्याच्या सुमारे १०९ व्या भागाएवढी सूर्याची प्रतिमा मिळते. दोन मीटरवर १८ मिलिमीटर. भोक मोठे केले की प्रतिमा उजळते पण कडा पुसट होतात.

सुपरमूनवर जास्त जागा घालवू नये. सर्वांत जवळचा पूर्णचंद्र सर्वांत दूरच्या पूर्णचंद्रापेक्षा सुमारे १४ टक्के रुंद असतो, पण दोन्ही शेजारी ठेवून पाहता येत नाहीत, त्यामुळे फरक ओळखू येत नाही. उगवताना मोठा दिसतो तो भास. कागदाची बारीक नळी करून पाहिले की चंद्र लगेच नेहमीएवढा होतो. ‘ग्रह एका रांगेत’ या बातमीचेही तसेच. सगळे ग्रह कायमच एकाच पट्ट्यात फिरतात; त्यातला नेपच्यून नुसत्या डोळ्यांना कधीच दिसत नाही आणि युरेनस केवळ उत्तम अंधारात. प्रतियुतीच्या बातमीत ‘फक्त आज’ असे लिहू नये. ४ ऑक्टोबर २०२६ च्या प्रतियुतीतला शनी महिनाभर मागेपुढे जवळजवळ तसाच दिसतो, आणि त्याची कडी पाहण्यासाठी २५-३० पट मोठे दाखवणारी दुर्बीण पुरते. ९ जून २०२६ ची शुक्र-गुरू युती मात्र जरूर छापा: सूर्यास्तानंतर पश्चिमेला, दोघांत दीड अंशाहून किंचित जास्त अंतर, आधी-नंतरचे दोन-तीन दिवसही पाहण्याजोगे.

अंश वाचून कोणी घाबरू नये म्हणून हाताचे माप द्यावे. हात ताठ पुढे धरला की करंगळी एक अंश, मूठ दहा, वीत वीस. ‘पश्चिमेला, क्षितिजापासून दोन मुठी वर’ हे कोणालाही कळते. एका मुठीच्या खाली असलेल्या ग्रहाचा प्रकाश डोक्यावरच्या मानाने पाचपटीहून जास्त हवेतून येतो. बुधाच्या बाबतीत बहुतेक निराशा यामुळेच होते. ‘इमारती-झाडे नसलेले क्षितिज हवे’ ही सूचना त्याच्या ओळीत असलीच पाहिजे.

शेवटी तारखेबद्दल. परदेशी तक्ते जागतिक वेळेत असतात. तिथे १४ तारखेला रात्री ८ लिहिलेले असेल, तर साडेपाच तास पुढे असलेल्या घड्याळात ती १५ तारखेची पहाट, दीड वाजताची. हा फरक न पाहता तारीख उचलली की अख्खी रात्र चुकते. आणि ‘१३ ऑगस्टची रात्र’ असे न लिहिता ‘१२ ऑगस्टला झोपायच्या वेळेपासून १३ च्या पहाटेपर्यंत’ असे लिहावे. ती बातमी ११ च्या अंकात यावी. १३ च्या सकाळी अंक दारात पडतो तेव्हा उल्का पडून गेलेल्या असतात.

आपला,
एक आकाशनिरीक्षक