आईला विचारशील का?

प्रेस्टन, इंग्लंड, १८ फेब्रुवारी

प्रिय बंड्या,

चार महिने तुझ्या फोनला उत्तर दिलं नाही. आधी शिव्या घालून घे, मग पुढे वाच. तब्येत बरी आहे, गुडघा आपला तसाच.

दादाने पाठवलेले कागद अजून माझ्या टेबलाच्या खणात पडलेत. तुला ठाऊक असणारच. तुझ्या मेडिकलच्या काउंटरवरून गेल्याशिवाय गुहागरात बातमी पुढे सरकते कुठे! आगराच्या समुद्राकडच्या अंगाला पर्यटकांसाठी दहा खोल्या, त्यावर कर्ज, आणि माझी सही. हो म्हणवत नाही, आणि नाही म्हणायला तोंड नाही. पोफळींना पाणी तो लावतो, मी इथून पैसे आणि मतं पाठवतो.

शनिवारी डोकं भणभणलं म्हणून ब्लॅकपूलला गेलो. इथून रेल्वेने अर्ध्या तासावर. आयफेलचं बघून बांधलेला १८९४ सालचा मनोरा, ५१८ फुटांचा, गाडीतूनच दिसायला लागतो. खाली समुद्रात लांबच लांब घुसलेले तीन पिअर, आपल्या जेटीसारखे, पण मासळी उतरवायला नाही, मिरवायला. फेब्रुवारीत मिरवणार कोण? निम्मी दुकानं बंद, वाऱ्याने माझी छत्री उलटी केली ती तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकली.

समुद्रावर हवा खायला जायचं खूळ या देशात निघालं ते औषध म्हणून. १७५० मध्ये रसेल नावाच्या डॉक्टरने गाठींच्या दुखण्यावर समुद्राचं पाणी सुचवलं, अंघोळीला आणि प्यायलासुद्धा. लोक ब्रायटनला जाऊन खरंच प्यायचे. तू उगाच सिरपच्या बाटल्या मागवतोस, समोर अख्खा स्टॉक पडलाय.

ब्रायटनला राजपुत्र यायचा, ब्लॅकपूल मात्र गिरणीवाल्यांचं. १८४६ ला रेल्वे आली. लँकेशायरच्या एकेका गिरणीगावाला उन्हाळ्यात आठवडाभर टाळं लागायचं, एका आठवड्यात ओल्डहॅम, दुसऱ्यात बोल्टन. मग अख्खं गाव शेजारपाजाऱ्यांसकट इथे. गणपतीला लालबाग-परळ रिकामं होऊन आपल्याकडे यायचं ना, तसंच. फक्त आपली माणसं घरी यायची, ही परक्याच्या घरी उतरायची. आणि सुट्टी बिनपगारी, वर्षभर पैसे साठवायचे. पगारी सुट्टीचा कायदा १९३८ ला झाला.

रात्री उतरलो ती एका म्हातारीची खाणावळ. मागल्या गल्लीत, तीन मजली, अरुंद. आता दोनच खोल्या पाहुण्यांना देते, वरच्या सगळ्या महिन्याच्या भाड्याने. सकाळी जेवणघरात मी एकटा. तिने चहा आणला आणि समोरच बसली. तिच्या आजीच्या काळी म्हणे पाहुणे आपापलं मटण-बटाटे आणून द्यायचे आणि आजी प्रत्येकाचं वेगळं शिजवायची. टेबलावरची मीठ-मिरी वापरली तर त्याचे पैसे वेगळे! (हे दादाला सांगू नकोस.) मग उठून एक वही घेऊन आली.

बंड्या, आईची नारळाची वही आठवते? लाल पुठ्ठ्याची, पेन्सिल सुतळीने बांधलेली? तू पाडे मोजायचास, मी लिहायचो, आणि तू दोन कमी सांगून पाणी प्यायचास. तसलीच वही. तिच्या आईची. डावीकडे खोली, मध्ये आडनाव, उजवीकडे आठवडा. तीच माणसं, तीच खोली, तोच आठवडा, वर्षानुवर्षं. मग १९६० च्या पुढची पानं. एका नावावर रेघ, शेजारी पेन्सिलीने 'स्पेन'. पुढच्या पानावर चार ठिकाणी 'स्पेन'. विमान स्वस्त झालं, तिकडे ऊन हमखास, इथे जुलैतही स्वेटर. आणि गिरण्याही बंद पडत गेल्या.

मला वाटलं, मिळालं उत्तर. दादाला हीच गोष्ट लिहायची आणि कागद परत पाठवायचे. पण ती म्हणाली, या घरावर आमच्या तीन पिढ्या जेवल्या. मग कसलं डोंबलाचं उत्तर! शंभर वर्षं चाललं तर दादा काय, त्याची नातवंडंही सुखी.

निघताना सहज विचारलं, किनाऱ्यावरची गाढवं कुठे दिसत नाहीत? म्हणाली, थंडीत नसतात. आणि उन्हाळ्यातही शुक्रवारी त्यांना सुट्टी, तसा नियम आहे. (मास्तर आपल्याला त्याच नावाने हाक मारायचे, सुट्टी मात्र रविवारचीच.) मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, माझ्या आईला नव्हती. समुद्र तीन मिनिटांवर, पण भर उन्हाळ्यात ती पाण्यात पाय बुडवून आली असं मला आठवत नाही.

परतताना गाडीत खिशातल्या फोनवर दादाने केलेली जाहिरात पुन्हा उघडली. खोल्यांचे फोटो अजून नाहीतच. फोटो आहे तो आईचा, चुलीपुढचा, आणि वर मोठ्या अक्षरांत 'आईच्या हातचं जेवण'. बहात्तर वर्षांची आहे रे ती. दहा खोल्या म्हणजे वीस पानं, सकाळी घावने, दुपारी सोलकढी, रात्री परत भाकऱ्या. कर्जाचा हप्ता, सिमेंट, रंग, सगळ्याचा हिशेब आहे त्या कागदांत. हाताखाली बाई ठेवायची, त्याचा रकाना नाही. मी चार महिने झाडं तुटतील, किनारा बिघडेल असल्या थोर काळज्या करत होतो. चुलीपुढे कोण बसणार, हे माझ्याही ध्यानात आलं नाही.

दादाला लिहिलं तर म्हणेल, आईच हौसेने तयार आहे. असेलही. तिला फोनवर विचारलं तर ती 'तुम्ही दोघं ठरवा' म्हणणार. म्हणून तुला लिहितोय.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? चिन्मयला दहावीला शुभेच्छा, आणि सरबताच्या गाडीतले माझे चाळीस रुपये अजून तुझ्याकडेच आहेत, विसरलेलो नाही.

दादा चिपळूणला जातो त्या दिवशी घरी जा. तिच्या बीपीच्या गोळ्या पोचवायचं निमित्त कर. पडवीत बस, घाई करू नकोस, चहा झाल्यावर विचार. आणि ती काय म्हणते ते तिच्याच शब्दांत कळव, तुझा मसाला नको.

तुझा,
बाब्या