माझा लेख मराठीत आणायला मलाच मनाई: प्रकाशन कंपनीस तक्रार पत्र

दि. १२ डिसेंबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
लेखक सेवा विभाग

विषय: स्वीकारलेल्या लेखाचा परवाना परस्पर बदलणे, आधी न सांगितलेली फी मागणे आणि सदोष प्रूफ यांबाबत तक्रार

महोदय,

मी सावंतवाडीत वकिली करते. गेली नऊ वर्षं खाण प्रकल्पांच्या पर्यावरणविषयक जनसुनावण्यांना गावकऱ्यांबरोबर जाते आहे. त्या अनुभवावर आणि न्यायालयांच्या निकालांवर आधारलेला लेख मी १७ फेब्रुवारीला आपल्या पर्यावरण कायद्याच्या नियतकालिकाकडे पाठवला. लेख इंग्रजीत असला तरी त्याचा विषय भाषा हाच आहे. ज्यांची जमीन आणि पाणी प्रकल्पात जाणार, त्यांना प्रकल्पाचे कागद समजतील अशा भाषेत मिळतात का, हा त्यातला प्रश्न.

आपल्याकडेच लेख पाठवण्याचं कारण आपलं आवाहन. वाचकाला पैसे नाहीत, लेखकालाही प्रकाशन फी नाही आणि लेख 'सीसी बाय' परवान्याखाली निघेल, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मूळ लेखकाचं नाव दिलं की कुणीही लेख छापावा, वाटावा, त्याचं भाषांतर करावं, इतकी मोकळीक या परवान्यात असते. २००२ साली बुडापेस्टच्या जाहीरनाम्यात ओपन अ‍ॅक्सेसची, म्हणजे संशोधन सर्वांना खुलं ठेवण्याची, जी कल्पना मांडली गेली, तीही नुसत्या फुकट वाचनाची नव्हती. प्रती काढण्याची आणि वाटण्याची मुभा तिच्यात होती. म्हणून लेख पाठवतानाचं १,५०० रुपये हाताळणी शुल्क आणि १८ टक्के जीएसटी, असे १,७७० रुपये मी त्याच दिवशी भरले.

लेख स्वीकारण्याआधी तो तपासणाऱ्या समीक्षकांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. विशेषतः दुसऱ्या समीक्षकांनी फार बारकाईने लेख वाचला. त्यांच्या सूचनेवरूनच मी गोव्यातल्या खाणीसंबंधीचा 'उत्कर्ष मंडल' हा दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल नव्याने तपासला आणि लेखाचा तो भाग पूर्ण बदलला. माझे आभार त्यांच्यापर्यंत पोचवावेत.

६ ऑक्टोबरला लेख स्वीकारल्याचं कळवलंत आणि ९ ऑक्टोबरला दुसरी मेल आली. २४,००० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे २८,३२० रुपये सात दिवसांत भरा. सोबत कॉपीराइट कंपनीच्या नावे करून देण्याचा फॉर्म. लेख मागे घेतला तर निम्मी फी द्यावी लागेल, ही ओळ अगदी तळाला. आणि परवाना 'सीसी बाय-एनसी-एनडी'. यातल्या 'एनसी'ने व्यावसायिक वापराला मनाई होते आणि 'एनडी'चा अर्थ असा की लेखात बदल करून, म्हणजेच भाषांतर करूनही, तो दुसऱ्याला देता येत नाही. कॉपीराइट तुमचा झाला की ही मनाई मलाही लागू. माझा लेख मराठीत आणायला मी तुमची परवानगी मागायची.

फीबद्दल मी भांडेनच, पण मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. का, ते सांगते.

गेल्या वर्षीच्या एका सुनावणीत मांडवात माझ्या शेजारी काजूची बाग असलेले एक काका बसले होते. प्रकल्पाच्या पर्यावरणावरील परिणामांचा मूळ अहवाल इंग्रजीत, चांगला जाडजूड, जिल्हाधिकारी कार्यालयात बघायला ठेवलेला. काकांच्या हातात होता तो चौदा पानांचा मराठी सारांश. पाण्याच्या स्रोतांच्या यादीत त्यांच्या बागेखालून वाहणारा व्हाळ, म्हणजे ओढा, नव्हताच. समासात त्यांनी पेन्सिलीने लिहून आणलं होतं, 'आमचो व्हाळ खंय?' त्यांचा नंबर आला तेव्हा कागद डोळ्यांजवळ धरून त्यांनी तेवढंच वाचलं आणि ते खाली बसले. त्यांच्या संमतीने ते वाक्य मी लेखाच्या सुरुवातीला देवनागरीत, जसंच्या तसं घेतलं आहे. लेख मराठीत करून आणून देईन, असा शब्दही मी त्यांना दिला आहे.

छापण्याआधी तपासायला पाठवलेल्या तुमच्या प्रूफमध्ये त्या वाक्याच्या जागी रिकाम्या चौकोनांची रांग आहे. मी प्रूफमध्ये दुरुस्ती कळवली, फॉन्टची फाइलही पाठवली. दुसऱ्या प्रूफमध्ये चौकोन गेले आणि वाक्यही गेलं. खाली फक्त इंग्रजी अर्थ उरला. संदर्भांतही 'उत्कर्ष मंडल' या संस्थेचं आडनाव-नाव करून 'मंडल, यू.' असं छापलं आहे. कायद्याच्या नियतकालिकात खटल्याच्या नावाचं असं व्हावं, हे मला पटत नाही.

प्रकल्पांच्या पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनाबाबत केंद्र सरकारने काढलेल्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे सुनावणी संपताना इतिवृत्ताचा गोषवारा लोकांना स्थानिक भाषेत समजावून वाचून दाखवावा लागतो. २०२० मध्ये नव्या अधिसूचनेचा मसुदा फक्त इंग्रजी-हिंदीत आला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जूनला तो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत आणायला सांगितलं आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली. माझ्या लेखाचा सगळा डोलारा यावर उभा आहे. तुमच्या संपादकांनी तो वाचून स्वीकारला. त्याच लेखाला भाषांतरबंदीचं कुलूप कसं घालता?

फॉर्मवर मी सही केलेली नाही आणि करणार नाही. तरीही ३ डिसेंबरपासून लेख तुमच्या संकेतस्थळावर दिसतो आहे आणि खाली कॉपीराइट कंपनीचा असल्याचं लिहिलं आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार लेखकाच्या सहीच्या लेखी दस्तऐवजाशिवाय हक्क दुसऱ्याच्या नावे होत नाहीत. पाच मेल केल्या. चारांना 'आपली तक्रार नोंदवली आहे' एवढंच आपोआप येणारं उत्तर. फोनवर भेटलेल्या ताई सौजन्याने बोलल्या, पण 'मॅडम, पॉलिसी बदलली' याच्यापुढे त्यांना काही माहीत नव्हतं. पॉलिसी बदलायला माझी हरकत नाही. ती पुढच्या लेखकांना आधी सांगून लावा. माझा लेख ज्या अटींवर घेतलात, त्याच अटी माझ्यासाठी राहतात.

माझी मागणी अशी. २८,३२० रुपयांचं बिल रद्द करा. कॉपीराइट लेखिकेचा आणि परवाना 'सीसी बाय' असल्याची दुरुस्ती संकेतस्थळावर आणि पीडीएफमध्ये करा. काकांचं वाक्य देवनागरीत जागेवर ठेवा, खटल्याचं नाव नीट करा आणि दुरुस्त प्रूफ मला दाखवूनच पुढे जा. हे जमणार नसेल, तर लेख कुठलीही फी न घेता मोकळा केल्याचं लेखी पत्र द्या, संकेतस्थळावरून काढा आणि माझे १,७७० रुपये परत करा. एका वेळी दोन ठिकाणी लेख पाठवायचा नाही, हा नियम मी पाळला. त्यात माझे दहा महिने गेले आहेत.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करीन. तक्रारदार राहतो तिथे ती करता येते, त्यामुळे ती सिंधुदुर्गातच होईल.

आवाहनाची प्रत, पावती, दोन्ही प्रूफं आणि मेल सोबत जोडल्या आहेत. काकांच्या त्या पानाचा फोटोही जोडला आहे, म्हणजे वाक्य कसं छापायचं याबद्दल शंका राहणार नाही.

आपली विश्वासू,
(सही)
वकील, सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग