बॅकअप फाइलींची जागा

महोदय,

नागपुरात लहान संस्थांची संकेतस्थळे सांभाळणारे काही जण थेट सर्व्हरवरच फाइल उघडून दुरुस्ती करतात. अशा वेळी इमॅक्ससारखा एडिटर पहिल्यांदा जतन करताना जुन्या मजकुराची प्रत नावाच्या शेवटी ‘~’ जोडून शेजारीच ठेवतो. पीएचपी फाइलीची (म्हणजे सर्व्हरने चालवायच्या प्रोग्रामची) अशी प्रत सर्व्हर बहुधा न चालवता साधा मजकूर म्हणून दाखवतो, आणि तीत डेटाबेसचा पासवर्ड असल्यास तोही उघडा पडतो. म्हणून बॅकअपच बंद करणे हा मात्र आततायीपणा होय. इमॅक्समध्ये ‘बॅकअप-डिरेक्टरी-अलिस्ट’ आणि व्हिम या दुसऱ्या एडिटरमध्ये ‘बॅकअपडिर’ ही सेटिंग वापरून प्रती संकेतस्थळाबाहेरच्या फोल्डरमध्ये वळवता येतात. व्हिम काम चालू असताना बनवतो त्या तात्पुरत्या स्वॅप फाइलींसाठी ‘डिरेक्टरी’ ही वेगळी सेटिंग आहे. येथील महाविद्यालयांनी प्रात्यक्षिकांत हे शिकवावे, ही विनंती.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर