‘घरच्यांना रंग पटत नाही’

पुणे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

मिठाईच्या दुकानाच्या मालकांनी लोगो मंजूर करूनही नंतर ‘घरच्यांना रंग पटत नाही’ असे कळवले आणि उरलेले पैसे अडवले, हे वाचून तुझा संताप मला समजला. तरीही रागाच्या भरात लिहिलेला तो ई-मेल अजून पाठवला नसशील, तर पाठवू नकोस.

ही तक्रार आवडीनिवडीची वाटते, पण तशी ती असेलच असे नाही. मोबाईलच्या पडद्यावर झळाळणारा केशरी सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार मूळ शायांच्या मिश्रणात, छापला, त्यातही साध्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर, की हमखास मंद पडतो. मालकांनी मोबाईलवर होकार दिला असेल आणि घरच्यांनी छापील खोके पाहिले असेल, तर दोघांनी निरनिराळे रंग पाहिले आहेत आणि दोघेही खरेच बोलत आहेत. म्हणून बचाव मांडण्याआधी कोणी, कशावर पाहिले ते विचार, आणि त्याच पुठ्ठ्यावर प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, काढून समोर ठेव. तरीही पटले नाही, तर तो नवा बदल ठरतो आणि त्याचे वेगळे पैसे मागायला संकोच नको.

पाटीवर इंग्रजी नाव ठळक आणि मराठी खाली बारीक हवे, या त्यांच्या हट्टापुढे मात्र सौंदर्यदृष्टीची चर्चा करत बसू नकोस. दुकानांच्या पाट्यांवर देवनागरी मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नसावीत, अशी तरतूद महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीने झाली आहे. तेवढे सांगितले की वाद मिटतो. (आपल्या अभिरुचीला इतके पाठबळ एरवी कुठे मिळते!)

आता पैशांविषयी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, नोकरीत नसताना तू केलेल्या लोगोचा पहिला मालक सर्वसाधारणपणे तूच असतोस; हक्क लेखी आणि सहीनिशीच दुसऱ्याकडे जातात, मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षांसाठी आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. हे धमकीसारखे वापरलेले मला आवडणार नाही, कारण त्यानंतर ते गिऱ्हाईक परत येत नाही आणि चार जणांना सांगते ते वेगळेच. ‘पूर्ण रक्कम मिळाल्यावर हक्क हस्तांतरित होतील’ हे वाक्य कोटेशनमध्येच असले, की पुढे आवाज चढवावा लागत नाही. पुढचे काम घेण्याआधी ‘उद्यम’ ही छोट्या उद्योगांसाठीची सरकारी नोंदणीही करून घे. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांपलीकडे थकवता येत नाहीत. थकवल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. व्याज वसूल करण्याची वेळ क्वचितच येते, पण बिलाच्या तळाशी ही ओळ छापलेली असली की हिशेबनीस ते बिल ढिगाऱ्याखाली सरकवत नाही.

जुन्या कोटेशनची प्रत मला पाठव. त्यात किती वेळा बदल करून देणार आणि अंतिम होकार कोणाचा, हे लिहिले होते का, ते पाहून मालकांना पाठवायच्या पत्राचा मसुदा आपण दोघे मिळून करू. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश