सह्या गोळा करण्यापूर्वी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि त्यासोबतचा निवेदनाचा मसुदा मिळाला. तुमच्या वस्तीतील रस्ते आजवर दर मंगळवारी यंत्राने झाडले जात होते, ते येत्या महिन्यापासून पंधरवड्यातून एकदाच झाडले जाणार आहेत, आणि ‘आठवड्याची फेरी पूर्ववत करा’ ही एकच मागणी घेऊन तू घरोघर सह्या गोळा करायला निघणार आहेस. हाच बदल आमच्या रस्त्यावर होऊन आता दोन वर्षे झाली. त्या वेळी मीही जवळजवळ शब्दशः असेच निवेदन लिहिले होते, आणि आज ते वाचताना आपण भलत्याच गोष्टीसाठी भांडलो असे वाटते. तुझ्या हातून तसे होऊ नये म्हणून हे लांबलचक उत्तर लिहीत आहे.

तुझा सारा भर फेऱ्यांच्या संख्येवर आहे. वर्षाच्या ५२ फेऱ्या २६ वर येणार, म्हणजे स्वच्छताही निम्मी होणार, असा तुझा हिशेब आहे. मात्र त्या ५२ पैकी किती वेळा यंत्राचा झाडू फुटपाथच्या कडेला खरोखर टेकत होता, हे तू मोजले आहेस का? आमच्याकडे बदल होण्यापूर्वीचे काही आठवडे मी खिडकीत उभा राहून हे पाहिले होते. गाडीच्या बाजूला असलेला गोल झाडू कडेचा कचरा आत ओढतो, पोटाखालचा मोठा झाडू किंवा हवेची ओढ तो उचलून टाकीत नेते, आणि धूळ उडू नये म्हणून पुढे पाण्याचा बारीक फवारा चालू असतो. ही सारी योजना कडेसाठीच आहे, कारण वाहनांच्या वाऱ्याने रस्त्यावरची घाण मधून सरकत कडेला जाऊन साचते. अमेरिकेत १९७२ साली झालेल्या एका मोठ्या पाहणीतही बहुतेक घाण कडेलगतच्या अरुंद पट्ट्यातच सापडली होती. कडेला एक मोटार उभी असली की चालकाला यंत्र तिच्या अलीकडूनच बाहेर काढावे लागते आणि पलीकडे गेल्यावर हळूहळू आत घ्यावे लागते, त्यामुळे मोटारीच्या लांबीपेक्षा बरीच जास्त कड न झाडता राहते. एका ओळीत अशा चार मोटारी अंतराअंतराने उभ्या असतील, तर यंत्र सबंध रस्ता पार करते, आवाजाने सगळ्यांना जागे करते, आणि कड होती तशीच राहते. आमच्याकडे पुष्कळदा हेच होत असे. त्या फेऱ्यांची नोंद मात्र ‘झाडून पूर्ण’ अशी होत असणार.

ही अडचण मोटारीच्याही आधीची आहे. १८९५ साली जॉर्ज वेअरिंग यांच्याकडे न्यूयॉर्कच्या रस्तेसफाईचा कारभार आला, तेव्हा त्यांनी झाडूवाल्यांना पांढरा गणवेश दिला, ही गोष्ट सर्वांच्या लक्षात राहिली. पण घोडे सोडून रात्रभर रस्त्यावर उभे करून ठेवलेले गाडे त्यांनी हटवले, हे काम मला त्याहून मोलाचे वाटते. त्याच शहराने १९५० मध्ये ठरावीक दिवशी रस्त्याची एक बाजू मोकळी ठेवण्याचा नियम आणला, तोही झाडू कडेपर्यंत पोचावा म्हणूनच. २०२० मध्ये महासाथीच्या काळात तेथील वस्त्यांमध्ये आठवड्यातून दोनदा गाडी हलवण्याऐवजी एकदाच हलवावी अशी सवलत देण्यात आली, आणि २०२२ च्या जुलैमध्ये ती काढून घेण्यात आली. म्हणजे वेळापत्रकाचा वाद खरे तर यंत्राचा नसून उभ्या गाड्यांचा आहे. पंधरवड्यातून एकदाच, पण खरोखर मोकळ्या असलेल्या कडेने फिरलेले यंत्र, दर आठवड्याला गाड्यांना वळसे घालत जाणाऱ्या यंत्रापेक्षा अधिक काम करते, हे आमच्या रस्त्यावर मी पाहिले आहे. गाडी महिन्यातून चारदा हलवायला सांगितले की लोक कंटाळतात; दोनदा सांगितले तर बरेचसे ऐकतात.

तरीही पालिकेचे सगळे बरोबर आहे असे मी म्हणत नाही. माझा खरा आक्षेप फेऱ्या कमी करण्याला नाही, तर त्या बाराही महिने सारख्याच प्रमाणात कमी करण्याला आहे. कचरा वर्षभर सारखा पडत नाही. तुमचा रस्ता दोन्ही बाजूंनी झाडांचा आहे, हे मला आठवते. ओली पाने गटाराच्या जाळीवर थरावर थर बसतात आणि पहिल्याच मोठ्या सरीत पाणी रस्त्यावर चढते. त्याहून कमी दिसणारे नुकसान असे, की कडेला भिजत पडलेल्या पानांतून फॉस्फरस पाण्यात उतरतो आणि पावसाळी गटारांतून तलावात जाऊन तेथे शेवाळ माजवतो. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन शहरात याचा अभ्यास झाला आणि तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पाने न उचललेल्या वस्तीत वर्षभरात वाहून गेलेल्या फॉस्फरसपैकी ५६ टक्के एकट्या पानगळीच्या दिवसांतला होता; पाने वेळेवर उचलून रस्ते झाडले तेथे हाच वाटा १६ टक्क्यांवर आला. तेथे पाने पावसाच्या आधी उचलली जात होती, ही गोष्ट त्यात कळीची आहे. पाऊस पडून गेल्यावर झाडलेला रस्ता डोळ्यांना स्वच्छ दिसतो, पण जायचे ते तोवर वाहून गेलेले असते.

याची दुसरी बाजूही तुला सांगायला हवी, नाहीतर तुझ्या सभेत कोणीतरी ती काढेल. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९८३ मध्ये शहरांतून वाहून जाणाऱ्या पावसाच्या पाण्याच्या मोठ्या पाहणीचा अहवाल दिला, त्यात रस्ते झाडल्याने वाहत्या पाण्याची प्रत फारशी सुधारत नाही असा निष्कर्ष होता. त्या काळची झाडूची यंत्रे खडे आणि कागद उचलत, पण बारीक गाळ मागे ठेवत, आणि प्रदूषण बरेचसे त्या बारीक गाळालाच चिकटलेले असते. तेव्हा तुमच्याकडे कोणते यंत्र येणार, नुसत्या झाडूचे की हवेने ओढणारे, हा प्रश्न निवेदनात अवश्य घाल. मसुद्यात त्याचा उल्लेखही नाही.

आता एक बारीकशी, पण फार त्रास देणारी गोष्ट. पालिकेने तुम्हाला दिलेल्या सूचनेत एका ठिकाणी ‘दर पंधरवड्याला’ म्हटले आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ‘दुसऱ्या व चौथ्या मंगळवारी’. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत २६ फेऱ्या होतात, दुसरीत २४. आणि ज्या महिन्यात पाच मंगळवार येतात, त्याच्या चौथ्या मंगळवारनंतर थेट तीन आठवड्यांनी यंत्र येते. तरीसुद्धा मी दुसऱ्या पद्धतीच्याच बाजूने आहे, कारण ‘दुसरा मंगळवार’ कोणालाही दिनदर्शिकेवर बोट ठेवून सांगता येतो, पण ‘हा आठवडा यंत्राचा की मागचा होता’ हे आमच्या इमारतीत कोणालाच सांगता येत नसे. आमच्याकडे पहिले चार महिने जुने फलक तसेच होते आणि नव्या वेळापत्रकाचा दंड मात्र चालू झाला होता. त्या दंडाची एक पावती माझ्याकडे अजून आहे. ती फाडून टाकण्याइतका राग अजून शांत झालेला नाही.

वेळेचाही विचार कर. सकाळी आठ ते दहा ही वेळ कार्यालयात जाणाऱ्यांना सोयीची असते, कारण त्यांच्या गाड्या आपोआपच निघून जातात. रात्रपाळी करून आलेला माणूस मात्र त्याच वेळी झोपलेला असतो, आणि दंड बहुधा त्यालाच होतो. समोरासमोरच्या बाजू एकाच दिवशी झाडायच्या ठरल्या, तर हलवलेल्या गाड्या ठेवायच्या कोठे, हा प्रश्नही उरतोच. सम आणि विषम बाजूंना वेगवेगळे दिवस द्या, एवढे मागितले तरी पुष्कळ आहे.

तेव्हा मी तुझ्या जागी असतो, तर ‘पूर्ववत करा’ हे वाक्य खोडून टाकले असते. एरवी महिन्यातून दोन फेऱ्या आम्हाला मान्य आहेत, पानगळीत आणि मोठ्या पावसाच्या तोंडावर त्या आठवड्याला एक करा, आणि नवे फलक लागेपर्यंत कोणालाही दंड करू नका, असे लिहिले असते. आमच्या पालिकेने आमची मागणी एका ओळीत फेटाळली, कारण तिच्यावर ‘पैसे नाहीत’ हे एकच उत्तर पुरेसे होते. एरवी वाचवलेल्या फेऱ्या हंगामात वापरा म्हणणाऱ्याला ते उत्तर तितक्या सहज देता येणार नाही.

सह्या घेण्याआधी दोन मंगळवार तू स्वतः रस्त्यावर उभा राहून किती मोटारी कडेला राहतात ते मोजून ठेव, आणि सुधारलेला मसुदा मला पाठव. पाचव्या मंगळवारचा परिच्छेद रिकामा सोडलास तरी चालेल, तो मी लिहून देतो.

तुझाच,
जुना मित्र